राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक कशी वाचावी: जिंकण्याच्या नियमापासून शपथविधीपर्यंत

कुठल्याही देशात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लागली की बातम्या उमेदवारांपासून सुरू होतात. कोण काय बोललं, कोणाच्या सभेला किती गर्दी झाली, कोण किती टक्क्यांनी पुढे आहे. हे सगळं महिनोनमहिने वाचूनही निकालाच्या दिवशी अनेकजण गोंधळतात. जास्त मतं मिळवणारा हरला कसा? पहिल्या मोजणीत पुढे असलेला मागे कसा पडला? उत्तर बहुतेक वेळा जिंकण्याच्या नियमात असतं, आणि तो नियम निवडणुकीच्या कितीतरी आधीपासून सगळ्यांना वाचायला खुला असतो. उमेदवार कुठे फिरतात, कोणाला दुखवायचं टाळतात, पैसा कुठे ओततात हे त्या नियमावरूनच ठरतं. म्हणून माझा आग्रह असा की आधी नियम वाचावा आणि मग भाषणं ऐकावीत.

पदाला अधिकार किती, ते आधी पाहा

राष्ट्राध्यक्ष म्हटला की तो देश चालवतोच असं नाही. भारत, जर्मनी, इटली इथे हे पद लोकप्रतिनिधींच्या मतांनी भरलं जातं आणि कारभार पंतप्रधान किंवा चॅन्सेलरच्या हाती असतो. आयर्लंडमध्ये जनता थेट मतदान करते, तरीही पद मुख्यतः मानाचंच. अमेरिका, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया इथे राष्ट्राध्यक्ष हाच सरकारचा प्रमुख. फ्रान्स या दोन्हींच्या मधोमध, तिथे राष्ट्राध्यक्षही बलवान आणि संसदेला उत्तर देणारा पंतप्रधानही असतो.

त्या देशाच्या राज्यघटनेत चार गोष्टी शोधा. मंत्री कोण नेमतं, संसदेने केलेला कायदा राष्ट्राध्यक्ष अडवू शकतो का, संसद बरखास्त करू शकतो का, आणि पुन्हा किती वेळा निवडून येऊ शकतो. अमेरिकेत १९५१ च्या दुरुस्तीपासून दोनदाच निवडून येता येतं. मेक्सिकोत सहा वर्षांची एकच मुदत, दक्षिण कोरियात पाच वर्षांची एकच. एवढं हाताशी असलं की उमेदवाराच्या आश्वासनांची छाननी करता येते. अमेरिकेचा उमेदवार एखादा कर रद्द करण्याचं वचन देतो तेव्हा कर बदलणं काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, हातात आहे हे लक्षात ठेवूनच ते ऐकावं.

जिंकायला नेमकं काय लागतं

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या.

सर्वांत सोपा नियम म्हणजे ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, मग ती निम्म्याहून कितीही कमी असोत. फिलिपिन्स आणि मेक्सिकोत हाच नियम आहे. फिलिपिन्समध्ये १९९२ साली फिडेल रामोस २४ टक्क्यांहूनही कमी मतांवर निवडून आले. दक्षिण कोरियात १९८७ साली लष्करी राजवटीविरुद्ध प्रचंड आंदोलन झालं, थेट निवडणूक मिळाली, आणि मग किम यंग-साम व किम दे-जुंग हे लोकशाहीवादी चळवळीचे दोन्ही नेते एकमेकांविरुद्ध उभे राहिले. त्यांच्या मतांची बेरीज सुमारे ५५ टक्के होती. निवडून आले ते ३६.६ टक्के मिळवणारे, आधीच्या राजवटीतले रो ते-वू. असा नियम असेल तर भाषणांपेक्षा माघार आणि युती यांच्या वाटाघाटींवर लक्ष ठेवा. खरी लढाई अर्ज मागे घेण्याच्या मुदतीपर्यंत लढली जाते.

दुसरा नियम दोन फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा सामना होतो. फ्रान्स आणि ब्राझील ही त्याची ठळक उदाहरणं. इथे मतविभागणीचा धोका संपतो असं वाटतं, पण तो पहिल्या फेरीत दबा धरून असतो. २००२ साली फ्रान्समध्ये १६ उमेदवार होते. डाव्यांची मतं अनेकांत वाटली गेली आणि पंतप्रधान लिओनेल जोस्पँ १६.१८ टक्क्यांवर थांबले. अतिउजवे जाँ-मारी ल पेन १६.८६ टक्के घेऊन दुसऱ्या फेरीत गेले. फरक दोन लाखांहूनही कमी मतांचा होता. दुसऱ्या फेरीत डाव्या मतदारांनी नाइलाजाने उजव्या जाक शिराक यांना मतं दिली आणि ते ८२ टक्क्यांनी जिंकले. ते ८२ टक्के शिराक यांची लोकप्रियता दाखवत नाहीत, पहिल्या फेरीतले २० टक्केही न भरणारे आकडे ती दाखवतात. दोन फेऱ्यांच्या निवडणुकीत कोणाचाही जनाधार मोजायचा असेल तर पहिल्या फेरीचा तक्ता उघडावा.

तिसरा नियम पसंतीक्रमाचा. मतदार एकाच कागदावर पहिली, दुसरी, तिसरी पसंती लिहितो. आयर्लंडमध्ये १९९० साली पहिल्या पसंतीत ब्रायन लेनिहान ४४ टक्के घेऊन पुढे होते, मेरी रॉबिन्सन ३९ टक्क्यांवर. तिसरे ऑस्टिन करी बाद झाले, त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली, आणि ती मोठ्या प्रमाणावर रॉबिन्सन यांच्याकडे गेल्याने त्या आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. श्रीलंकेत हा नियम जुनाच आहे, पण २०२४ मध्ये पहिल्यांदाच दुसरी मोजणी करावी लागली. अनुरा कुमारा दिसानायके पहिल्या मोजणीत ४२.३१ टक्क्यांवर होते. मला स्वतःला ही पद्धत सर्वांत न्याय्य वाटते, कारण मनातल्या उमेदवाराला मत देऊनही नकोशा उमेदवाराला अडवता येतं आणि त्यासाठी पुन्हा रांगेत उभं राहावं लागत नाही. मात्र मतदारांना पुढच्या पसंत्या लिहिण्याची सवय लागावी लागते. श्रीलंकेत बहुसंख्यांनी एकाच नावापुढे खूण केली होती. अशा निवडणुकीत उमेदवार प्रतिस्पर्ध्याच्या समर्थकांशी कसं बोलतो ते ऐका, त्यांची दुसरी पसंती त्याला हवी असते.

चौथ्या प्रकारात मतांच्या संख्येबरोबर ती मतं कुठून आली हेही मोजलं जातं. नायजेरियात सर्वाधिक मतांखेरीज किमान दोन-तृतीयांश राज्यांत प्रत्येकी निदान २५ टक्के मतं लागतात. केनियात निम्म्याहून जास्त मतं आणि ४७ पैकी किमान २४ काउंटींत २५ टक्के. इंडोनेशियात निम्म्याहून जास्त मतं आणि निम्म्याहून जास्त प्रांतांत किमान २० टक्के. जिथे एकाच जमातीच्या किंवा बेटाच्या जोरावर सत्ता मिळवता येईल अशी भीती आहे, तिथे हा नियम उमेदवाराला आपल्या बालेकिल्ल्याबाहेर पाऊल टाकायला भाग पाडतो. उपराष्ट्राध्यक्षपदासाठी दुसऱ्या प्रदेशातला किंवा धर्माचा जोडीदार निवडण्यामागे बहुधा हेच गणित असतं.

आणि अमेरिका. तिथे मतदार औपचारिकरीत्या निर्वाचक, म्हणजे राष्ट्राध्यक्षासाठी मत देणारे प्रतिनिधी, निवडतात. एकूण ५३८ निर्वाचक, बहुमताला २७०. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन सभागृहांत मिळून राज्याचे जितके सदस्य तितके निर्वाचक, आणि राजधानी वॉशिंग्टनला तीन. मेन आणि नेब्रास्का सोडून सगळीकडे राज्यात एका मताने पुढे असलेलाही त्या राज्याचे सगळे निर्वाचक घेऊन जातो. म्हणून २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन देशभरात २८ लाखांहून जास्त मतांनी पुढे असूनही हरल्या. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेन्सिल्वेनिया या तीन राज्यांत मिळून ८० हजारांहूनही कमी मतांनी त्या मागे होत्या, आणि तेवढ्यावर निकाल फिरला. २००० साली फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी अध्यक्षपद ठरलं. कोणालाच २७० मिळाले नाहीत तर प्रतिनिधिगृह निवड करतं, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. १८२४ ची निवडणूक अशीच ठरली. अँड्र्यू जॅक्सन जास्त मतं मिळवूनही हरले आणि जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले.

हे सगळं एका कागदावर उतरवून ठेवा. जिंकायला काय लागतं, बरोबरी झाली तर काय, कोणालाच पुरेशी मतं मिळाली नाहीत तर काय. पुढची प्रत्येक बातमी त्या कागदाशी ताडून पाहता येते.

रिंगणात येण्याची वाट

काही देश पहिला दरवाजा अरुंद ठेवतात. फ्रान्समध्ये ५०० निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात, त्याही किमान ३० विभागांतून. आयर्लंडमध्ये संसदेचे २० सदस्य किंवा चार स्थानिक परिषदांचा पाठिंबा लागतो. नावं ठरण्याच्या या काळात बातम्या कमी येतात, पण मतदारासमोर कोणते पर्याय राहतील हे इथेच ठरून जातं.

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत प्राथमिक निवडणुका होतात. त्यांतून पक्षाच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी निवडले जातात आणि उमेदवारी देतात ते हे प्रतिनिधी. २१ जुलै २०२४ ला जो बायडन यांनी माघार घेतल्यावर कमला हॅरिस प्राथमिक फेऱ्या न लढता उमेदवार झाल्या, त्या याच प्रतिनिधींच्या मतांनी.

पैशाचा हिशेब

अमेरिकेत उमेदवाराला थेट देता येणाऱ्या देणगीवर मर्यादा आहे, खर्चावर मात्र नाही. १९७६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खर्चमर्यादा भाषणस्वातंत्र्याविरुद्ध ठरवली. २०१० च्या निकालाने कंपन्या आणि संघटनांना स्वतंत्रपणे अमर्याद खर्च करण्याची मुभा दिली, आणि त्यातून सुपर पॅक नावाचे गट उभे राहिले. फ्रान्स याच्या बरोबर उलट. तिथे खर्चाला कमाल मर्यादा आहे, कंपन्यांच्या देणग्यांना बंदी आहे, टीव्हीवर विकतच्या राजकीय जाहिराती चालत नाहीत, आणि ५ टक्क्यांच्या वर मतं मिळवणाऱ्याला खर्चाचा मोठा भाग सरकार परत करतं. निकोला सार्कोझी यांनी २०१२ मध्ये मर्यादा ओलांडल्यावर त्यांचा हिशेब फेटाळला गेला आणि ही परतफेड बुडाली. ब्राझीलमध्ये २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांच्या देणग्या बंद केल्या.

अमेरिकेच्या संघीय निवडणूक आयोगाकडे उमेदवार भरतात ते अहवाल कोणालाही पाहता येतात. एकूण जमा रकमेच्या आकड्याने भारावून जाऊ नका. हातात शिल्लक किती, लहान देणगीदारांचा वाटा किती, आणि मोठी रक्कम देणारे मोजके कोण, हे बघा. लहान देणगीदार पुन्हापुन्हा देऊ शकतो, मर्यादेपर्यंत दिलेला मोठा देणगीदार संपलेला असतो. कोणत्या शहरांत जाहिरातींची वेळ आगाऊ राखून ठेवली आहे तेही बघावं. भाषणात उमेदवार ‘आम्ही सगळी राज्यं जिंकू’ म्हणतो, पण त्याला स्वतःला कुठे भीती वाटते ते ही आगाऊ नोंदणी सांगते.

प्रचार प्रत्यक्षात कसा चालतो

प्रचारयंत्रणा मतदारांचे ढोबळ तीन गट करते. आपले हक्काचे, कुंपणावरचे, आणि कधीच न मिळणारे. हक्काच्यांना घराबाहेर काढायचं असतं, कुंपणावरच्यांना पटवायचं असतं आणि तिसऱ्या गटावर वेळ घालवायचा नसतो. मतदारांच्या याद्या, मागच्या मतदानाच्या नोंदी, फोन आणि घरोघरच्या भेटींत मिळालेली उत्तरं हे सगळं या वर्गवारीसाठी गोळा होतं. अमेरिकेत २०२४ मध्ये दोन्ही पक्षांचा जीव सात राज्यांत अडकला होता: पेन्सिल्वेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, अ‍ॅरिझोना आणि नेवाडा. ५४ निर्वाचकांच्या कॅलिफोर्नियात प्रचारसभा क्वचितच झाल्या. तिथल्या कोट्यवधी मतदारांचे प्रश्न चर्चेत मागे पडतात, ही त्या नियमाची किंमत आहे आणि ती फारच कमी बोलली जाते.

यातलं काय उपयोगी पडतं? येल विद्यापीठाच्या अ‍ॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ साली न्यू हेवन शहरात एक प्रयोग केला. काही मतदारांना घरी जाऊन भेटलं गेलं, काहींना पत्रं पाठवली, काहींना व्यावसायिक कॉल सेंटरमधून फोन केले. समोरासमोरच्या भेटीने मतदान लक्षणीय वाढलं, पत्रांनी किंचित, फोनने वाढल्याचं दिसलं नाही. त्यामुळे कोणत्या पक्षाकडे दारोदार फिरणारी माणसं आहेत ही बातमी मी मोठ्या सभेच्या बातमीपेक्षा महत्त्वाची मानतो. सभेला येणारे बहुतेक आधीच ठरवून आलेले असतात.

टीव्हीवरच्या वादचर्चा १९६० च्या केनेडी-निक्सन सामन्यापासून गाजत आल्या आहेत. त्यांनी सहसा फार मतं हलत नाहीत, पण २७ जून २०२४ च्या एकाच चर्चेनंतर बायडन यांना चार आठवड्यांच्या आत माघार घ्यावी लागली. चर्चा ऐकताना टाळ्यांच्या वाक्यांकडे दुर्लक्ष करा आणि कोणता प्रश्न कोणी टाळला ते लिहून ठेवा. टाळलेला प्रश्न निवडून आल्यावर पुन्हा समोर येतोच.

समाजमाध्यमांनी या सगळ्यात एक नवी अडचण आणली आहे. रोमानियात नोव्हेंबर २०२४ च्या पहिल्या फेरीत कॅलिन जॉर्जेस्कू हे अपक्ष अनपेक्षितपणे पहिले आले. त्यांचा प्रचार मुख्यतः टिकटॉकवर होता आणि अधिकृत खर्च त्यांनी शून्य दाखवला होता. दुसऱ्या फेरीच्या दोन दिवस आधी, ६ डिसेंबरला, घटनात्मक न्यायालयाने पूर्ण निवडणूकच रद्द केली. ती मे २०२५ मध्ये नव्याने झाली आणि निकुशोर डान निवडून आले. खर्चाचे कायदे पोस्टर आणि टीव्ही जाहिरातींच्या काळात लिहिलेले आहेत. कोणाच्या पैशाने कोणता व्हिडिओ लाखोंपर्यंत पोहोचला हे त्यांना पकडता येत नाही. या विषयावर प्रत्येक लोकशाहीने तातडीने काम करायला हवं असं मला मनापासून वाटतं.

जनमत चाचणीचा आकडा हाती घेताना

१९३६ साली अमेरिकेच्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे एक कोटी पत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि आल्फ्रेड लँडन जिंकतील असं भाकीत झालं. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतले होते, आणि उत्तर पाठवायची तसदी घेणारेही एका बाजूचे जास्त होते. नमुना मोठा असून उपयोग नसतो, तो सगळ्या थरांतून आलेला असावा लागतो.

हजार माणसांच्या चांगल्या चाचणीतही सुमारे ३ टक्के इकडेतिकडे होण्याची शक्यता धरतात. ती एका उमेदवाराच्या आकड्याबद्दल असते, दोघांमधल्या अंतराबद्दल ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे ४८ विरुद्ध ४५ ही आघाडी म्हणायलाही जड आहे. चूक एकाच दिशेने होऊ शकते हेही ध्यानात ठेवा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अनेक राज्य पातळीवरच्या चाचण्यांनी शिक्षणानुसार नमुन्याची दुरुस्ती केली नव्हती. पदवीधर उत्तरं जास्त देतात, आणि त्या वर्षी पदवीधरांचा कल क्लिंटन यांच्याकडे होता. चाचणी कोणी घेतली, कोणाच्या पैशाने, किती दिवसांत, आणि ‘अजून ठरवलं नाही’ म्हणणारे किती, एवढं छापलेलं नसेल तर तो आकडा बाजूला ठेवावा. अमेरिकेच्या बाबतीत देशभराच्या चाचणीपेक्षा काठावरच्या राज्यांच्या चाचण्या पाहाव्यात, कारण उघड आहे.

मोजणीची रात्र

वाहिन्यांनी विजेता घोषित करणं हा अंदाज असतो. अधिकृत निकाल निवडणूक आयोग किंवा तत्सम संस्था देते. २००० साली वाहिन्यांनी फ्लोरिडा आधी डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांना दिलं, मग मागे घेतलं, मग रिपब्लिकन जॉर्ज बुश यांना दिलं आणि तेही मागे घेतलं.

मोजणीत कोणती मतं आधी येतात हे पाहिलं नाही तर भलता संशय पिकतो. २०२० मध्ये पेन्सिल्वेनियात टपाली मतांची पाकिटं मतदानाच्या दिवसाआधी उघडायला कायद्याने परवानगी नव्हती. केंद्रावरची मतं आधी मोजली गेली, त्यांत ट्रम्प काही लाखांनी पुढे होते. टपाली मतं डेमोक्रॅट्सची जास्त होती, ती मोजत गेल्यावर बायडन सुमारे ८० हजारांनी पुढे गेले. हे असंच होणार हे आधीपासून सांगितलं जात होतं. तरीही ‘रातोरात मतं फिरली’ ही अफवा पसरली आणि देशाला तिची मोठी किंमत मोजावी लागली. मतदानाच्या आदल्या दिवशीच कोणती मतं कधी मोजणार हे वाचून ठेवण्याचा सल्ला मी त्याच कारणाने देतो.

विश्वास मिळवायचा सर्वांत चांगला मार्ग केनियाने २०२२ मध्ये दाखवला. ४६ हजारांहून जास्त मतदान केंद्रांच्या निकालपत्रकांच्या प्रती आयोगाने सार्वजनिक संकेतस्थळावर टाकल्या. वृत्तपत्रं, पक्ष आणि सामान्य नागरिकांनी स्वतः बेरजा केल्या.

त्यामागे २०१७ चा धडा होता. त्या वर्षी केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल पाठवण्याच्या प्रक्रियेतल्या गंभीर त्रुटींमुळे निवडणूक रद्द केली आणि ती पुन्हा घ्यावी लागली. मलावीत २०१९ ची निवडणूक न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये रद्द केली. निकालपत्रकांवर चक्क पांढरी शाई लावून आकडे बदलले होते. फेरनिवडणुकीत लाझारस चाक्वेरा जिंकले. ऑस्ट्रियात २०१६ साली कोणी मतं चोरल्याचा पुरावा सापडला नव्हता. तरी टपाली मतं नियमाबाहेर उघडली गेली होती, आणि अशा मतांची संख्या विजयाच्या सुमारे ३१ हजारांच्या फरकापेक्षा जास्त होती. एवढ्यावर न्यायालयाने दुसरी फेरी पुन्हा घ्यायला लावली. आरोप ऐकला की हाच प्रश्न विचारावा: वादातली मतं फरकापेक्षा जास्त आहेत का, आणि पुरावा न्यायालयात दिला गेला आहे का?

निकाल आणि खुर्ची यांच्यामधला काळ

इंडोनेशियात फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडून आलेले प्रबोवो सुबियांतो २० ऑक्टोबरला पदावर आले. अमेरिकेत निर्वाचक डिसेंबरमध्ये मतं देतात, ६ जानेवारीला काँग्रेस ती मोजते आणि २० जानेवारीला शपथविधी होतो. दक्षिण कोरियात राष्ट्राध्यक्षाला महाभियोगाने हटवल्यानंतर ३ जून २०२५ ला निवडणूक झाली आणि विजेत्याने दुसऱ्याच दिवशी सूत्रं घेतली. मधला काळ लांब असेल तर जाणारं सरकार काय नेमणुका करतं, कोणते आदेश काढतं यावर नजर ठेवा.

आणि संसद पाहायला विसरू नका. फ्रान्समध्ये इमॅन्युएल मॅक्राँ एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा निवडून आले, जूनमध्ये त्यांच्या आघाडीचं संसदेतलं स्पष्ट बहुमत गेलं आणि कायदे करणं अवघड होऊन बसलं. श्रीलंकेत दिसानायके जिंकले तेव्हा २२५ सदस्यांच्या संसदेत त्यांच्या आघाडीचे तीनच खासदार होते. त्यांनी लगेच संसद बरखास्त केली, आणि १४ नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत आघाडीला १५९ जागा मिळाल्या. दिलेली आश्वासनं कायद्यात उतरवायला लागणारं बळ त्यांना तेव्हा मिळालं.